फजरची वेळ आणि एकवीस किलोमीटर



घाटकोपरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून ती धावते. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधली हाफ मॅरेथॉन धावायची, असे तिने ठरवले आहे. नुसती पूर्ण करायची नाही, चांगली वेळ नोंदवायची आहे. वडिलांनी नको म्हटले आहे. त्यांची कारणे तीन. शर्यत पहाटे पाचला सुटते, म्हणजे फजर जाणार. मुलगी भर रस्त्यात धावणार, लोक काय म्हणतील. आणि तिसरे, इतके करून मिळणार काय?

पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "तुम्ही स्वतः धावता, असे मागे या सदरात लिहिले होते. मग त्या दिवशी फजरचे काय केलेत, ते खरे खरे सांगा."

खरे खरे सांगते. वडिलांचे पहिले कारण किरकोळ नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. ती माहीमच्या रेती बंदरावरून सुटते, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून वरळीला येते, पुढे हाजी अली, पेडर रोडचा चढ, मरीन ड्राइव्ह आणि शेवट आझाद मैदानाच्या परिसरात. सुटण्याची वेळ पहाटे पाचची. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत फजरची वेळ सहाला काही मिनिटे कमी असताना लागते आणि सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे शर्यत सुटते तेव्हा फजर लागलेली नसते, आणि माझ्यासारखीची शर्यत संपते तेव्हा फजर निघून गेलेली असते. नमाजेची सगळी वेळ रस्त्यावरच जाते.

पहिल्या वर्षी नाव नोंदवताना हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. सासूबाईंनी विचारले, "किती वाजता सुटणार? मग नमाज कुठे पढणार?" मी गप्प झाले. चार महिने पावले, किलोमीटर, मिनिटे मोजत होते आणि हा साधा हिशेब केला नव्हता.

मग आमच्या मोहल्ल्यातल्या एका आलिमांना विचारले. त्यांचे उत्तर सरळ होते. शर्यत ही काही मजबुरी नाही, आपण हौसेने जातो. थांबून नमाज पढणे शक्य असताना ती कजा करायला शर्यत हे कारण होत नाही. थांबा, पढा, पुढे जा. मी म्हटले, वेळ जाईल. ते हसून म्हणाले, "वेळ जाईल हे खरेच. कुणाची जाईल आणि कशासाठी जाईल, ते तुम्ही ठरवा."

आता तयारीचे सांगते, कारण या पत्रातल्या मुलीला ते कामी येईल. वजू घरूनच करून निघायचे. घामाने वजू जात नाही, पाणी प्यायल्याने जात नाही. आम्ही कोकणातले शाफई. गर्दीत परपुरुषाच्या हाताला हात लागला तर आमच्याकडे वजूचा प्रश्न येतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि पातळ हातमोजे घातले. पहाटे सागरी सेतूवर वारा असतो, तेव्हा हातमोज्यांकडे कुणी वळूनही पाहिले नाही. कमरेच्या पट्ट्यात खजूर, फोन आणि घडी केलेला एक पातळ रुमाल ठेवला. किबल्याची चिंता मुंबईत नाही. आपल्याकडून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलता. हाजी अलीपाशी समुद्र पश्चिमेलाच आहे. समुद्राकडे तोंड केले आणि थोडे उजवीकडे वळले की झाले.

त्या दिवशी आमच्या गटाला सुरुवातीची रेघ ओलांडायलाच सव्वापाच झाले. सागरी सेतूवर अंधार होता, पुढे हजारो पाठी दिसत होत्या. हाजी अलीला पोहोचले तेव्हा साडेसहा व्हायला आले होते आणि जवळजवळ अर्धे अंतर मागे पडले होते. अंग तापले होते, पाय छान चालत होते. तिथे थांबायचे म्हणजे जिवावर आले, हे लपवत नाही. वाटले, अजून थोडे पुढे जाऊन पढू. पण पुढे पेडर रोडचा चढ आणि त्यानंतर पुन्हा "अजून थोडे". मी कडेला झाले, फुटपाथवर चढले, बुटाच्या नाड्या सोडल्या, रुमाल अंथरला. श्वास लागलेला होता, पहिल्या रकातीत तो आवरेना. सजद्यात गेले तेव्हा कानात आपल्याच काळजाचे ठोके ऐकू येत होते. दुसऱ्या रकातीपर्यंत शांत झाले. सलाम फेरला तर शेजारी एक पोलीस ताई उभी होती. लोक अंगावर येऊ नयेत म्हणून ती रस्त्याकडे पाठ न करता हात आडवा धरून उभी राहिली होती. बोलली काही नाही. मी नाड्या बांधेपर्यंत थांबली आणि निघून गेली.

पाच मिनिटे गेली. मला दोन तास वीस मिनिटांच्या आत यायचे होते, मी आले दोन तास तेवीस मिनिटांत. थांबले नसते तर जमले असते. वाईट वाटले का? वाटले. मैदानाजवळ बसून केळे खाताना डोळ्यांत पाणीही आले. पण घड्याळात तेव्हा पावणेआठ होत आले होते, सूर्य केव्हाच वर आला होता. थांबले नसते तर तीन मिनिटे मिळाली असती आणि नमाज गेली असती. संध्याकाळपर्यंत ते तीन मिनिटांचे दुःख ओसरले. दुसरे ओसरले नसते.

आता त्या मुलीसाठी एक हिशेब. ती माझ्याहून पुष्कळ वेगवान आहे. समजा ती पाच वाजून पाच मिनिटांनी निघाली आणि एक तास पन्नास मिनिटांत पोहोचली, तर सातला पाच मिनिटे कमी असतील. सूर्योदयाला वीस मिनिटे असतील. तिला वाटेत थांबावे लागणार नाही. शेवटी पाणी मिळते, तिथे वजू करून नमाज होईल. म्हणजे तिने जितका चांगला सराव केला, तितकी तिची फजर सोपी. पण एक अट आहे. पाय मुरगळला, पोटात दुखले, सुटायलाच उशीर झाला, तर घड्याळात पावणेसात दिसताच जिथे असेल तिथे थांबायचे. हे घरूनच ठरवून निघायचे. धावताना दमलेले डोके ठरवायला बसले, तर ते नेहमी "अजून थोडे" म्हणते. आणि वेगाच्या गटात पुढे उभे राहायला मिळावे म्हणून आधीच्या एखाद्या शर्यतीची नोंदलेली वेळ लागते. तिने आधी दहा किलोमीटरची एखादी शर्यत जरूर धावावी.

वडिलांचे दुसरे कारण लोकांचे. मुलगी रस्त्यावर धावणार.

हजरत आयशा (र.) यांची हकिकत आपल्या घरांत ठाऊक आहे. सुनन अबू दाऊदमध्ये ती आली आहे. सफरीत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर त्यांनी धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे अंगाने भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि मागची फेड झाली असे हसून म्हणाले. दुसऱ्या काही रिवायतींत बरोबरच्या लोकांना पुढे जायला सांगितल्याचाही उल्लेख येतो. म्हणून या हकिकतीवरून भर गर्दीत धावण्याची मुभा काढायला मी जाणार नाही. तो निवाडा आलिमांनी करावा, आणि पडद्याबाबत घराघराची रीत वेगळी असते. पण एवढे मात्र त्यातून मला दिसते. बाईने धावणे, जोर लावणे, जिंकावेसे वाटणे, हरल्यावर लक्षात ठेवणे, यात हयेला धक्का लागण्यासारखे काही मानले गेले नाही. आणि हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांना सांगायला नको की सफा-मरवाच्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर होतात. ती सगळी आठवण एका आईच्या धावपळीची आहे. हजरत हाजरा (अ.) बाळासाठी पाणी शोधत धावल्या, आणि आजतागायत बादशहापासून हमालापर्यंत सगळे त्या वाटेवर जातात.

कपड्यांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. सुती ओढणी घामाने जड होते आणि गळ्याला फास बसल्यासारखी लागते. खेळाच्या कापडाचा, पिना नसलेला हिजाब घ्यावा. मांडीच्या खालपर्यंत येणारा सैल अंगरखा आणि ट्रॅक पँट पुरते. काखेत, मांडीला जिथे कापड घासते तिथे व्हॅसलीन लावावे, नाहीतर पंधरा किलोमीटरनंतर कातडी सोलवटते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सिफान हसनने मॅरेथॉन २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत जिंकली, तो ऑलिंपिक विक्रम झाला, आणि पदक घ्यायला ती हिजाब घालून आली. मो फराह शर्यत जिंकून सजद्यात जाताना साऱ्या जगाने पाहिला. इंग्लंडमधली ग्रेट नॉर्थ रन ही मोठी हाफ मॅरेथॉन त्याने २०१४ ते २०१९ अशी लागोपाठ सहा वर्षे जिंकली.

लोक काय म्हणतील, याचा माझा अनुभव सांगते. मरोळच्या आमच्या गल्लीत पहिले दोन आठवडे लोकांनी पाहिले. तिसऱ्या आठवड्यात दूधवाला सलाम करू लागला. दोन महिन्यांनी शेजारच्या खाला म्हणाल्या, "मला पण चालायला घेऊन जा, शुगर वाढलीय." खरा त्रास लोकांचा झाला नाही, कुत्र्यांचा झाला. अंधारात एकटीने धावायचे नाही, ही मात्र खरी काळजी आहे आणि वडिलांची तेवढी चिंता रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे सोबत. आमच्या घरी पहिला महिना माझे यजमान सायकलवर मागे येत. आता आम्ही पाच जणी आहोत.

तिसरे कारण, मिळणार काय?

माझ्या अम्मीला मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत तिच्या पायाचे बोट काढावे लागले. चाळिशीत माझी साखर काठावर आली, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले, रोज चाला. चालण्याचे धावणे कधी झाले, कळले नाही. आज साखर काठाच्या आत आहे. अल्लाहची मेहरबानी आहे, आणि पायांचीही. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला साखरेचे कारण सांगून उपयोग नाही. तिला मिळते ते वेगळे आहे. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉन गाजवून पुढे रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत धावला. म्हणजे एकवीस किलोमीटर, प्रत्येक किलोमीटर सुमारे २ मिनिटे ५२ सेकंदांत. दोघेही दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांच्या घरचे. सगळ्यांची मुले तिथे पोहोचत नाहीत. पण सोळा आठवडे ठरवलेले काम ठरल्या दिवशी करणे आणि निकाल जो येईल तो पदरात घेणे, हे ज्या मुलीला जमले, तिला पुढे संसारात आणि नोकरीत पुष्कळ जमते.

आता सरावाबद्दल थोडे. ही मुलगी आधीपासून धावते, म्हणून सोळा आठवडे पुरतील. सप्टेंबरच्या शेवटी सुरुवात करावी. आठवड्यात चार दिवस धावणे, दोन दिवस व्यायाम, एक दिवस पूर्ण आराम.

चारपैकी दोन दिवस सावकाश धावायचे. इतके सावकाश की शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. तरुण मुलींची चूक इथेच होते. रोज जोरात धावतात आणि शर्यतीच्या दिवशी थकलेल्या असतात. तिसरा दिवस वेगाचा. दहा मिनिटे हळू, मग शर्यतीला हवा तो वेग धरून वीस मिनिटे, पुढे पुढे चाळीस मिनिटे, शेवटी पुन्हा हळू. एक तास पन्नास मिनिटे हवी असतील तर किलोमीटरला साधारण ५ मिनिटे १० सेकंदांचा वेग पायांना ओळखीचा झाला पाहिजे. चौथा दिवस रविवारचा, लांब अंतराचा. आठ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवत अठरापर्यंत न्यावे आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करावे. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणायचे. तेव्हा वाटते, आपण आळशी झालो. झालेलो नसतो, शरीर डागडुजी करत असते.

ही वाढ सावकाश का, ते मी माझ्या चुकीवरून सांगते. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात मला जोर चढला आणि एका आठवड्यात अकरावरून सोळावर गेले. नडगीचे हाड दुखायला लागले, तरी चार दिवस तशीच धावले. मग तीन आठवडे घरी बसले. दम लवकर वाढतो, हाडे आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात. दमाच्या भरवशावर पायांना पळवू नये.

जागेचे म्हणाल, तर घाटकोपर-मुलुंडकडच्यांना पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेचा धूर टाळणे हेच पहिले काम. पवई तलावाचा रस्ता सकाळी लवकर बरा असतो. चढाचा सराव बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात होतो. मुख्य दरवाज्यापासून कान्हेरी लेणी सुमारे सहा किलोमीटरवर आहेत आणि शेवटचा टप्पा चढाचा आहे. तो ज्याने दर पंधरवड्याला केला, त्याला पेडर रोड घाबरवत नाही. आरेत आणि उद्यानात बिबटे आहेत, तेव्हा उजाडल्यावर आणि घोळक्यानेच जावे.

मुंबईत थंडीपेक्षा दमटपणाचा विचार करायचा. ऑक्टोबरात वेग पडतो, त्याने खचू नये. लांब पल्ल्याला नुसते पाणी पुरत नाही. चिमूटभर मीठ आणि साखर घातलेले लिंबूपाणी ठेवावे. तासाभरानंतर दर अर्ध्या तासाला एखाद-दुसरा खजूर पुरतो. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीच करायचे नाही. ना बूट, ना हिजाब, ना नाश्ता.

आणि आईसाठी एक काम. मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या मुलींत ते कमी असते आणि मग दम लागतो तेव्हा आपण त्यांना नाजूक म्हणतो. नाचणीची भाकरी, अंडी, कलेजी, पालेभाजीवर लिंबू, हे आपल्या घरात सहज होते. जेवणाबरोबर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. रमजानमध्ये सराव थांबवायची गरज नाही, फक्त हलका करावा. तरावीहनंतर किंवा इफ्तारच्या आधीचा अर्धा तास सावकाश धावणे पुरे. वेग आणि लांब अंतर ईदनंतर. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

शेवटचा शब्द वडिलांसाठी. भाईसाहेब, तुमची पहिली शंका ऐकून मला बरे वाटले. मुलीची फजर जाईल म्हणून काळजी करणारा बाप मिळणे ही तिची नशिबाची गोष्ट आहे. पण ती काळजी "नको" म्हणून संपवू नका, हिशेबाने सोडवा. त्या दिवशी रेती बंदरापर्यंत तिला तुम्हीच सोडा. मॅरेथॉनच्या पहाटे जादा लोकल असतात. मग लोकलनेच पुढे या आणि शेवटाजवळ पाण्याची बाटली आणि जानमाज घेऊन उभे राहा. ती सातच्या आधी आली, तर तुमची फजर झालेली असेल आणि तिची तुमच्या डोळ्यांसमोर होईल. उशिरा आली, तर तिला आधी वेळ विचारू नका. वाटेत नमाज पढलीस का, एवढे विचारा. मला वाटते, ती हो म्हणेल.

नोंदणी बरीच आधी सुरू होते आणि हाफच्या जागा लवकर भरतात. तेव्हा काय ते या महिन्यात ठरवा, आणि जे ठरेल ते मला कळवा. मुलीला माझा सलाम सांगा. अल्लाह तिच्या पायांत बळ देवो.